ओली की सुकी

मंगळवारी दुपारी तीन वाजता, चहाच्या सुट्टीत पाऊस सुरू झाला. त्या वेळी बूलामिनच्या शेडमध्ये मेंढ्या कातरणारे सात, लोकर उचलणारे चार, लोकरीच्या गाठी दाबणारा एक, स्वयंपाकी एक, मुकादम एक आणि लोकरीची प्रत लावणारी मी, अशी पंधरा माणसं होती. कामाचे कुत्रे चार, बिनकामाचा एक. बांधून रचलेल्या गाठी २३१. कातरून झालेल्या मेंढ्या ८,३६८. राहिलेल्या १,११२. शेडखाली कोरड्यात ठेवलेला कळप त्या सुट्टीपर्यंत संपला होता, म्हणून राहिलेल्या सगळ्या उघड्यावर भिजत होत्या.

सात माणसांना १,११२ मेंढ्या म्हणजे एक दिवसाचं काम. पाऊस आला नसता तर बुधवारी संध्याकाळी आम्ही घरी निघालो असतो.

१९९४चा ऑगस्ट होता. मी विद्यापीठातून लोकरीचं शास्त्र शिकून बाहेर पडले त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि स्वतःच्या शिक्क्याने गाठी पाठवण्याचा माझा हा पहिला हंगाम. माझे वडील याच भागात गाठी दाबायचे, त्यामुळे शेड मला नवी नव्हती. तरी शिकून आल्यावर मी जुन्याच गोष्टी वहीत टिपायला लागले होते. उदाहरणार्थ, 'कट' हा शब्द. मशीनच्या फणीवर सरकणारं पातं म्हणजे 'कटर'. मेंढीच्या कातड्याला लागलं तर तो 'कट'. कळपातून एखादी मेंढी वेगळी काढली तर तिला 'कट' केलं. शेवटची मेंढी कातरून झाली की शेडचं 'कट-आउट', त्याशिवाय ठेकेदाराची गाडी हलत नाही. आणि एखाद्याशी बोलणं कायमचं टाकलं तरी 'त्याला कट केलं' असंच म्हणतात. पाच अर्थ मी पहिल्याच महिन्यात लिहून ठेवले होते. सहावा शोधत होते.

शेवटच्या अर्थाचा आमच्याकडे एक माणूस होता. ऑब्री पासमोर, वय अठ्ठावन्न, सातव्या जागेवर, अगदी टोकाला कातरायचा. त्याचा थोरला भाऊ क्लाइव्ह अकरा वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. १९८३ साली रुंद फणीवरून संप झाला. जुनी फणी चौसष्ट मिलिमीटरची, नवी शहाऐंशीची. युनियनने नवी फणी नको म्हटलं, दहा आठवडे माणसं घरी बसली. क्लाइव्ह युनियनचा खंदा माणूस. ऑब्रीने त्याच दहा आठवड्यांत रुंद फणी लावून दुसऱ्याच्या शेडमध्ये मेंढ्या कातरल्या. आता सातही जणांच्या मशीनला रुंद फणी होती. चौसष्टची फणी मी फक्त खिळ्याला टांगलेली पाहिली आहे.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मालकीणबाई, मिसेस एथरिज, छत्री घेऊन स्वतः शेडवर आल्या. ऑब्रीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्या वहिनीचा फोन होता. क्लाइव्ह डब्बो शहरातल्या इस्पितळात आहे. घशात गाठ निघाली. शुक्रवारी सकाळी आठला स्वरयंत्र काढणार आहेत."

"काढणार म्हणजे?"

"कापून काढणार. त्यानंतर त्याला बोलता येणार नाही. त्याने सांगितलंय, यायचं असेल तर त्याआधी ये."

ऑब्री त्यांच्याबरोबर घरी जाऊन फोन करून आला. हे मला त्यानेच सांगितलं, लोकरीच्या टेबलाशी उभं राहून. "फोनवर नको म्हणाला. म्हणजे वहिनीने फोन त्याच्या कानाला लावला, त्याने नकाराची मान हलवली. समोर ये, म्हणतोय. अकरा वर्षांनी." त्याने टेबलावरचा लोकरीचा पुंजका उचलून बोटांत पिळला, परत ठेवला. "बुधवारी कट-आउट झालं असतं तर बुधवारीच पोचलो असतो. आता गुरुवारी संध्याकाळी झालं तरी चालेल. साडेपाचला निघालो तर दहापर्यंत डब्बो."

त्याच्याकडे गाडी नव्हती. सातही जण ठेकेदाराच्या एकाच गाडीतून आले होते. बूलामिनपासून डांबरी रस्त्यापर्यंत अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, आणि मधला काळ्या मातीचा कच्चा रस्ता पाऊस पडला की दीड दिवस बंद.

आता ओली-सुकीच्या मतदानाबद्दल. ओली मेंढी कातरली की माणसाला ताप येतो, अंगावर फोड येतात, सांधे धरतात, असं इथे सगळे मानतात. ते कितपत खरं आहे हे कुणी मोजलेलं नाही. पण मेंढी ओली आहे की सुकी हे मालक ठरवत नाही, मुकादम ठरवत नाही. कातरणारे ठरवतात. प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या, हातांनी लोकर जोखायची, आणि मग कागदाच्या तुकड्यावर एक शब्द लिहून डब्यात टाकायचा. ओली किंवा सुकी. युनियनचा प्रतिनिधी कागद उघडतो, मोजतो, चुलीत टाकतो. जास्त कागद ओलीचे निघाले तर मशीन बंद, पुढच्या मतापर्यंत. कुणी काय लिहिलं हे कुणी विचारत नाही. मत टाकायच्या आधी विचारणं, मत मागणं तर नाहीच नाही. बापलेक शेजारी शेजारी कातरतात, तेही विचारत नाहीत. मत देणाऱ्यांच्या आसपास मालकाने, मुकादमाने किंवा माझ्यासारखीने उभंही राहायचं नसतं.

बुधवारी सकाळी पाऊस थांबला होता, आभाळ भरलेलं होतं. सात जणांनी चौदा मेंढ्या कातरल्या. त्या लोकरीत मी माझ्या मापकाची सुई खुपसली. ओलावा एकवीस टक्के. सोळापर्यंत गाठ बांधता येते, त्यापुढे लोकर आत कुजते.

प्रतिनिधी डेस मलूनने बिस्किटांचा डबा फिरवला. कातरणाऱ्या सातांतलाच एक, वय एकसष्ट, दाढी नेहमी तुळतुळीत. त्याने कागद उलगडले आणि भिंतीकडे बघत सांगितलं, "ओली चार. सुकी तीन."

मशीन बंद झाली. मला ते मत चूक वाटलं नाही.

ऑब्रीला मात्र त्यात दुसरंच दिसलं. एक कागद. गुरुवारी सकाळी एक कागद इकडचा तिकडे झाला की संध्याकाळी कट-आउट. त्याने स्वस्थ बसायला हवं होतं, कारण दुपारी वारा सुटला आणि चार वाजता ऊन पडलं. मेंढ्या आपोआप वाळणारच होत्या. पण माणसाला अकरा वर्षांनी बोलावणं आलं होतं. तो रॉनी वेल्शकडे गेला. रॉनी सगळ्यांत लहान, सव्वीसचा, त्याच्या शेजारच्या जागेवरचा. दोघांनी तीन हंगाम एकाच कोंडवाड्यातून मेंढ्या उचलल्या होत्या.

संध्याकाळच्या जेवणाला मटणाचे चॉप, उकडलेले बटाटे आणि भोपळा होता. रॉनीने चॉप अर्धा खाल्ला आणि काटा खाली ठेवला.

"डेस, एक सांगायचंय. ऑब्रीने मला आज पाण्याच्या टाकीमागे गाठलं."

"चुंबन घ्यायला?" स्वयंपाकी स्नो म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"मत मागायला."

हसू थांबलं. बटाट्याचं भांडं फिरत होतं ते ज्याच्या हातात होतं त्याच्याच हातात राहिलं.

डेस म्हणाला, "मत मागितलंस, ऑब्री?"

"हे बघ डेस, माझा भाऊ..."

"मी भावाचं विचारलं नाही."

"मेंढ्या उद्या सुक्याच असणार आहेत. बाहेर जाऊन बघ. मी फक्त एवढंच म्हणालो की..."

"मागितलंस की नाही?"

"मागितलं."

डेसने पावाच्या तुकड्याने ताटली पुसली. "अठ्ठावीस वर्षं हा डबा फिरवतोय मी. माझा सख्खा पोरगा माझ्या शेजारी कातरायचा. त्यानेही कधी विचारलं नाही, बाबा, तू काय लिहिलंस."

"त्याचा गळा कापणार आहेत शुक्रवारी," ऑब्री म्हणाला. "बोलणं बंद होणार त्याचं."

"क्लाइव्हचं?" स्नोने विचारलं. "बरं की. तुझ्या नावाने शिव्या देऊन देऊनच गेला असेल त्याचा घसा."

आता मात्र सगळे हसले. रॉनीसुद्धा.

टेबलाच्या त्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "त्र्याऐंशी साली आम्हाला पाठ दाखवलीस, गड्या. आता तोंड दाखवायची एवढी घाई?"

"त्याला तेव्हाही घाईच होती. दहा आठवडे दम निघाला नाही."

ऑब्रीने ताट उचललं, उरलेलं कुत्र्यांच्या डब्यात टाकलं, ताट धुऊन जागेवर ठेवलं. जाताना तो रॉनीच्या पाठीमागून गेला. रॉनीने खुर्ची पुढे ओढून घेतली, जरा जास्तच.

पुढे तासाभराने मी शेडमध्ये नमुन्यांच्या पिशव्यांवर आकडे घालत होते. ऑब्री सहाणचाकावर पात्यांना धार लावत होता. धार लावून झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला आणि डावा हात दिव्याखाली धरला.

"कॉलेज," तो म्हणाला. मला सगळे कॉलेजच म्हणायचे. "तू शरीराचं शिकलीस ना?"

"मेंढीच्या."

"माणसाचं काही फार वेगळं नसेल. इथे लागलं," त्याने अंगठ्याच्या बाहेरची बाजू दाखवली, "तर आपल्या गावातला डॉक्टर शिवतो. एका कातरणाऱ्याचं, नोएलचं, शिवलं होतं. जेवायला परत आला होता तो."

"शिवेल की. तिथे नुसतं कातडं आणि मांस आहे."

"आणि इथे?" तळहातावर त्याने बोट ठेवलं.

"तिथून बोटं वळवणाऱ्या कंडरा जातात. त्या तुटल्या तर गावात काही करता येत नाही. डब्बोला पाठवतील. हाताचा सर्जन तिथेच आहे."

"त्याच दिवशी?"

"जितक्या लवकर तितकं बरं. तुटलेली टोकं आखडत जातात."

त्याने मूठ मिटली, उघडली, बोटं एकेक हलवून कातड्याखाली काय सरकतंय ते पाहिलं. प्रश्न चांगले होते आणि क्रमाने विचारले होते. मी एका कागदावर त्याला आकृती काढून दिली. तो थँक्यू म्हणाला आणि कागद घडी करून खिशात घातला.

गुरुवारी सकाळी आभाळात एक ढग नव्हता. पश्चिमेचा कोरडा वारा होता. साडेसातला सात जणांनी चौदा मेंढ्या कातरल्या. मी चौदाही लोकरींत सुई घातली. सरासरी तेरा पूर्णांक दोन. एकही चौदाच्या वर नाही.

डेसने डबा फिरवला, मी दाराबाहेर उभी राहिले. आतून आवाज आला.

"ओली सहा. सुकी एक."

आदल्या दिवशीपेक्षा मेंढ्या जवळजवळ आठ टक्क्यांनी सुकल्या होत्या, आणि ओलीची मतं दोनने वाढली होती. मी ते वहीत तसंच लिहिलं.

ऑब्री माझ्याकडे आला. घामाने त्याची बंडी पाठीला चिकटली होती. "तुझं यंत्र काय म्हणतं?"

"तेरा पूर्णांक दोन."

"म्हणजे?"

"सुकी. कुठल्याही हिशोबाने."

"डेसला सांग."

मी सांगितलं. डेस कागद चुलीत टाकत होता. त्याने मापक हातात घेऊन नीट पाहिलं, सुईला बोट लावलं, परत दिलं. "छान आहे. पण यंत्राला कागद मिळत नाही, पोरी. तुलाही नाही."

मग ऑब्री मुकादमाकडे गेला. लोगन त्याचं नाव, पत्र्याच्या खोलीत बूट काढून बसला होता. दार उघडं होतं.

"मला डब्बोला सोड, लोगन. किंवा नुसतं डांबरीपर्यंत. पुढे कुणीतरी घेईल."

"गाडी कट-आउटला निघते."

"पेट्रोल माझं."

"आज तुला सोडलं तर बाकीचे सहा मशीन खाली ठेवतील. मग मेंढ्या ओल्या काय न् सुक्या काय." लोगनने पायाची बोटं मोडली. "तू मत मागायला नको होतंस. काल गप्प बसला असतास तर आत्ता तू कातरत असतास."

मिसेस एथरिजही तेच म्हणाल्या, जरा सभ्यपणे. संप झाला तर त्यांच्या मेंढ्या अर्ध्या कातरलेल्या राहणार होत्या. "मी तुम्हा लोकांमध्ये पडत नाही, ऑब्री. माझे मिस्टरही कधी पडले नाहीत."

शेवटी तो माझ्याकडे आला. "कॉलेज, तुझी गाडी आहे."

लोगन खोलीच्या दारात येऊन उभा होता. तो नुसता माझ्या शिक्क्याकडे, टेबलावर पडलेल्या त्या पितळी पत्र्याकडे बघत राहिला. माझं पुढच्या चार शेडचं काम त्याच्याच हातात होतं.

मी म्हणाले, "बघते. दुपारच्या मतानंतर बघू."

"दुपारी कशाला? आत्ता रस्ता सुकलाय."

"दुपारी बघू, ऑब्री."

त्याने मान डोलावली. "चालत निघालो तर शनिवारी पोचेन," तो म्हणाला, आणि हसला.

दुपारपर्यंत सगळे उन्हात बसून होते. नाल फेकण्याचा खेळ मांडला होता. बिनकामाचा कुत्रा प्रत्येक नालेमागे धावायचा आणि दर वेळी शिव्या खायचा. कुणाच्या कमाईचा दिवस बुडत होता म्हणावं तर सहाही जणांचा बुडत होता, पण त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. रॉनीने तीन शर्ट धुऊन कुंपणावर टाकले. ते पन्नास मिनिटांत वाळले. त्याने ते घड्या करून आत नेले आणि येताना आकाशाकडे बघत म्हणाला, "हवेत दमटपणा आहे बुवा."

"फार," डेस नाल फेकत म्हणाला.

"माझे तर सांधेच धरलेत," तिसरा म्हणाला, आणि नेम धरून खुंटीला नाल अडकवली.

ऑब्री कुंपणावर बसून हे ऐकत होता. कुणी त्याच्याकडे बघून बोलत नव्हतं.

एक वाजता घंटा झाली. पुन्हा दोन-दोन मेंढ्या. मी माझ्या टेबलाशी होते, सातवी जागा तिथून नऊ पावलांवर. ऑब्रीने पहिली मेंढी कातरली, दुसरी ओढून आणली. पोट, मागचे पाय, मान, मग पाठीवरून लांब सरळ पट्टे. त्याचा हात फार सुंदर चालायचा. चाळीस वर्षं कातरून त्याच्या मेंढ्यांना टाका क्वचितच लागायचा, आणि या दोघींच्या अंगावरही एक ओरखडा नव्हता. दुसरी पूर्ण झाली. त्याने तिला बाहेरच्या उतरणीत सोडलं. ती घसरत खाली गेली आणि उठून उभी राहिली, ते त्याने वाकून पाहिलं.

इथे मशीनची दोरी ओढून ते बंद करायचं असतं. त्याने ओढली नाही. तो गुडघ्यावर बसला, डावा हात फळीवर उताणा ठेवला आणि उजव्या हाताने फणी त्याच्यात दाबली. एकदा लागलं, त्याने पाहिलं, बोटं हलवून पाहिली. दोन बोटं अजून वळत होती. मग त्याने पुन्हा दाबली.

पहिल्यांदा रॉनीच्या लक्षात आलं, कारण रक्त त्याच्या बाजूला आलं होतं. त्याने दोरी ओढली. सगळी मशीन एकेक करून थांबली.

"मेलास तू आता," रॉनी म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "काय केलंस हे?"

"हात सटकला."

डेस आला. त्याने हात पाहिला, मग फळीवर सरळ पडलेलं मशीन पाहिलं, मग रिकामी जागा, जिथे मेंढी नव्हती. "टॉवेल आणा," म्हणाला.

जखमी माणसाला मालकाने तात्काळ इस्पितळात न्यायचं, हा नियम मताहून जुना आहे. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. एक वाजून एकवीस मिनिटांनी मिसेस एथरिजची गाडी कच्च्या रस्त्याला लागली. धूळ उडाली. ऑब्री पुढच्या सीटवर बसला होता, टॉवेलात गुंडाळलेला हात खांद्याच्या वर धरून. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने खिशावर टकटक केलं. माझी आकृती त्या खिशात होती.

लोकर उचलणाऱ्या पोरींनी फळी धुतली. लोगनने घड्याळ पाहिलं. डेसने डबा काढला, कारण दोन-दोन मेंढ्या कातरून झाल्या होत्या आणि मत व्हायचं राहिलं होतं.

सहा कागद पडले. मी या वेळी बाहेर गेले नाही, आणि मला कुणी घालवलंही नाही.

"ओली एकही नाही," डेस म्हणाला. "सुकी सहा."

मी सुई लावून पाहिली. ओलावा तेरा पूर्णांक एक. सकाळपासून एक दशांशाचा फरक.

पावणेदोनला मशीन सुरू झाली. साडेपाचपर्यंत सहा जणांनी ४६२ मेंढ्या कातरल्या. रॉनीने त्यांतल्या एक्क्याऐंशी. अर्ध्या दिवसाचा त्याचा तोवरचा सगळ्यांत चांगला आकडा. जेवताना स्नोने त्याच्या पुढ्यात जादा चॉप ठेवला, आणि ऑब्रीचं ताट सवयीने मांडलं गेलं होतं ते उचलून नेलं. शुक्रवारी दुपारी दोन चाळीसला कट-आउट झालं.

मी ऑब्रीला भेटायला नोव्हेंबरात गेले. तोवर मी लोगनच्या तीन शेड करून आले होते. डब्बोच्या इस्पितळात दर बुधवारी त्याच्या हाताचे व्यायाम असायचे, आणि आम्ही बाहेरच्या बाकावर त्याचं नाव पुकारायची वाट बघत बसलो. त्याची बोटं अर्धी मिटलेली होती, झोपलेल्या माणसाची असतात तशी.

"वेळेवर पोचलास?" मी विचारलं.

"संध्याकाळी साडेसातला. गावातल्या डॉक्टरने पाहिलं आणि मला लगेच अँब्युलन्समध्ये घातलं, तू म्हणालीस तसं. इथे आल्यावर म्हणाले, हात सकाळी करू. मग मी नर्सला सांगून वर गेलो. क्लाइव्ह बसला होता, उशीला टेकून." तो थांबला. "म्हातारा झालाय गं फार."

"बोलला?"

"बोलला की. आवाज घोगरा, पण बोलला. हात काय झाला म्हणाला. मी सगळं सांगितलं. पाऊस, चार-तीन, रॉनी, सहा-एक. तो मन लावून ऐकत होता. मध्येच म्हणाला, 'थांब. तू मत मागितलंस?' मी हो म्हटलं. 'तुझ्याकडे यायचं म्हणून मागितलं,' म्हटलं."

आतून दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं. एक बाई काठी टेकत आत गेली.

"हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, 'मी त्या शेडमध्ये असतो तर मीही ओलीच लिहिलं असतं.' आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी बसलो होतो अजून तासभर. म्हटलं, काही बोलेल."

"मग?"

"मग नर्सने उठवलं मला. सकाळी आठला त्याला नेलं, साडेआठला मला." त्याने अर्धमिटली बोटं दुसऱ्या हाताने सरळ केली. सोडल्यावर ती परत मिटली. "आता पाटीवर लिहितो तो. वहिनीला, पोरांना. दूधवाल्यालाही लिहितो. मी दर रविवारी जातो. मला अजून काही लिहिलं नाही."

मी म्हणाले, "त्या दिवशी सकाळी मी तुला सोडायला हवं होतं."

"हो," ऑब्री म्हणाला.

मग त्याचं नाव पुकारलं. मी बरोबर आत गेले. व्यायाम घेणारी मुलगी माझ्याच वयाची होती. तिने टेबलावर पकड मोजायचं उपकरण ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि म्हणाली, "आधी चांगला हात, मिस्टर पासमोर. मग दुसरा. प्रत्येकी तीनदा, आणि जोर लावून." त्याने जोर लावला. मानेच्या शिरा वर आल्या. तिने सहा आकडे लिहिले, सरासरी काढली आणि कागद आमच्याकडे फिरवला.

उजवा हात ५१ किलो. डावा हात ८.